ट्रान्सप्लांट होऊन दहा वर्षं झाली, आता तोंडातली जखम भरत नाही. सीमाभागात पुढची तपासणी कुठं नि कशी करायची?

निपाणीची_लेक

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथं नुसतं वाचतेय, लिहायला आज पहिल्यांदाच बसले.

माझ्या धाकट्या भावाला २०१४ साली रक्ताचा कॅन्सर (ए.एल.एल.) निघाला. २०१५ मध्ये मुंबईत स्टेम सेल (रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी) ट्रान्सप्लांट झालं. आम्हा चार भावंडांत फक्त माझ्या पेशी त्याला जुळल्या, म्हणून दाता मी. पाच दिवस इंजेक्शनं, मग दोन्ही हातांत सुया घालून मशीनवर चार-पाच तास. एवढंच माझं काम. त्याचं मात्र आधी सगळ्या अंगाला रेडिएशन, मग केमो, मग माझ्या पेशी.

तो वाचला. कॅन्सर परत आला नाही, देवाची कृपा. पण वर्षभरातच तोंड कोरडं पडायला लागलं, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागलं. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, ही जी.व्ही.एच.डी., म्हणजे दात्याच्या पेशी पेशंटच्या शरीराला परकं समजून त्रास देतात. स्टिरॉइड झाली. तेहतिसाव्या वर्षी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आता तो अडतीस वर्षांचा आहे. लॉकडाऊनमध्ये मुंबईची वारी तुटली ती तुटलीच.

आता खरी गोष्ट. गेले तीन महिने डाव्या गालाच्या आतल्या बाजूला एक पांढरा चट्टा आहे, त्याच्या कडेला जखम. भरतच नाही. गावातल्या एका दवाखान्यात दाखवलं तर दात गालाला घासतोय म्हणून बी-कॉम्प्लेक्स आणि जेल दिलं, दोन महिने तेच चाललंय. भाकरी तर तो कधीच सोडून बसलाय, दुधात कुस्करून घेतो.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. ट्रान्सप्लांट झालेल्यांना इतक्या वर्षांनी कोणत्या तपासण्या कराव्या लागतात, हे कुणी सांगेल काय? आणि दुसरी, जी मी घरात कुणाला विचारू शकत नाही. माझ्याच पेशी त्याला आतून खातायत का?

शहापूर_पेठ

ताई, धीर सोडू नका. दहा वर्षं निघाली म्हणजे मोठी गोष्ट आहे. तोंड आलं की आमच्या घरात जाईचा पाला चघळायला देतात, बरं वाटतं.

दातवाला_चिकोडी

मी दंतवैद्य आहे, चिकोडीत. शहापूर_पेठ यांचा राग मानू नये, पण या पेशंटला पाला, जेल, बी-कॉम्प्लेक्स यात आता एक दिवससुद्धा घालवू नका.

साध्या माणसाच्या तोंडातली जखमही दोन-तीन आठवड्यांत भरली नाही तर तज्ज्ञाला दाखवावी असा आमचा नियम. इथं तीन महिने झालेत, आणि माणूस साधा नाही. ट्रान्सप्लांट, रेडिएशन, तोंडातली जुनी जी.व्ही.एच.डी. हे सगळं एकत्र असलं की तोंडाच्या कॅन्सरचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त. जी.व्ही.एच.डी.मुळे गालाच्या आत जाळीसारख्या बारीक पांढऱ्या रेषा येतात, त्या वर्षानुवर्षं असतात. गोची अशी की त्या जाळीतच एखादा चट्टा हळूच बदलतो, आणि बघणारा म्हणतो, हे तर जुनंच आहे. नुसत्या डोळ्यांनी फरक कळत नाही. बायोप्सी करावी लागते. तुकडा काढायला दहा मिनिटं लागतात.

तीन प्रश्न. तोंड किती उघडतं? त्याची स्वतःची तीन बोटं उभी आत जातात का? चट्टा हाताला कडक लागतो का? आणि तंबाखू, गुटखा, मावा, सुपारी यातलं काही आहे का? निपाणी म्हटल्यावर विचारणं भाग आहे.

निपाणीची_लेक

डॉक्टर, लगेच उत्तर दिलंत, उपकार झाले. आत्ताच त्याला बोटं घालायला सांगितली. दोनच जातात, तीही कशीबशी. तिसरं घालताना डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. कडक लागतंय म्हणतो.

तंबाखू अजिबात नाही. आजोबांची तंबाखूची वखार होती, पोरं त्या वासात वाढली, पण भाऊ कधी शिवला नाही. आजारानंतर तर वखारीच्या दारातही जात नाही.

वॉर्डातली_अक्का

मी मूळची खानापूर तालुक्यातली, अकरा वर्षं ट्रान्सप्लांट वॉर्डात नर्स होते, आता गावी परतलेय. दातवाला_चिकोडी यांनी सांगितलं ते शंभर टक्के. आधी बायोप्सी, बाकीचं मग.

पण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर द्यायलाच पाहिजे, कारण हा प्रश्न मी वॉर्डात कितीतरी बहिणींच्या तोंडून ऐकलाय. रात्री दोनला, चहाच्या मशीनपाशी.

खरं ते सांगते. होय, जी.व्ही.एच.डी. म्हणजे तुमच्या पेशींनी केलेला त्रास. बहिणीच्या पेशी भावाला दिल्या तर तो धोका थोडा वाढतो, हेही माहीत असलेलं आहे. पुरुषाच्या पेशींवर वाय गुणसूत्रामुळं काही खुणा असतात, त्या बाईच्या पेशींना कधी दिसलेल्या नसतात. दात्या बाईला आधी बाळंतपणं झालेली असली तर आणखी थोडा. शिवाय हाडातून मॅरो, म्हणजे हाडातला मगज, काढण्याऐवजी शिरेतून पेशी घेतल्या तर जुनाट जी.व्ही.एच.डी.चं प्रमाण जास्त असतं. हे सगळं डॉक्टरांना त्या दिवशी ठाऊक होतं. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. तुमच्या भावाला ती एकच लागली, ती तुम्ही.

आणि दुसरी बाजू. ज्या पेशी त्याच्या गालाला परकं समजतात, त्याच पेशी उरल्यासुरल्या कॅन्सरच्या पेशींनाही परकं समजून मारतात. दहा वर्षं त्याचा ल्युकेमिया परत आला नाही, त्यात तुमच्या पेशींचा हात आहे. एकाच पेशींची ही दोन कामं आहेत, त्यातलं एकच वेगळं काढून घेता येत नाही.

आता कॅन्सरचं म्हणाल तर एकटी जी.व्ही.एच.डी. कारण नसते. सगळ्या अंगाला रेडिएशन देतात ते साधारण १२ ग्रे (ग्रे म्हणजे किरणांच्या डोसचं माप), तीन दिवसांत वाटून. त्यात मॅरो रिकामा होतो, पण त्या वाटेत थायरॉइड, डोळ्याचं भिंग, तोंडाची त्वचा, फुप्फुस, सगळ्यांच्या पेशींतल्या डी.एन.ए.ला ओरखडे पडतात. बहुतेक ओरखडे शरीर दुरुस्त करतं. काही राहून जातात. मग त्याच जागी जी.व्ही.एच.डी.ची सूज, जखम, भरणं, पुन्हा जखम. दर वेळी भरून येताना पेशी विभागतात, आणि ओरखडा पुढच्या पेशीत जातो. वर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, म्हणजे बिघडलेली पेशी ओळखून काढणारा पहारेकरीच पेंगुळलेला. म्हणून हे कॅन्सर पहिल्या दोन-तीन वर्षांत फारसे दिसत नाहीत, उशिरा येतात.

सांबरा_धावपट्टी

हे सगळं वाचून डोकं गरगरलं. एक शंका, भावाचा ब्लड ग्रुप आता ताईंचाच झाला असेल ना?

निपाणीची_लेक

होय की! तो बी पॉझिटिव्ह होता, आता माझ्यासारखा ओ पॉझिटिव्ह आहे. राखीला म्हणतो, अक्का, ओवाळणी कशाला, तूच माझ्या अंगात फिरतीस. आईला तेवढ्यावरच रडू येतं.

येळ्ळूरकर

त्याला एखादं कार्ड खिशात ठेवायला सांगा. आमच्या भावकीतल्या एकाला अपघातात जुन्या कागदावरचा ग्रुप वाचून भलताच गोंधळ झाला असता. रक्तपेढीला ट्रान्सप्लांट झाल्याचं सांगावं लागतं, आणि रक्त किरण दिलेलं, म्हणजे इरॅडिएटेड, मागावं लागतं.

अथणीकर

माझा अनुभव वेगळा आहे. मुलीला थॅलेसिमिया होता, सहाव्या वर्षी ट्रान्सप्लांट, दाता तिचा भाऊ. कॅन्सर नव्हता म्हणून रेडिएशन दिलं नाही, नुसती केमो. आम्हाला वाटलं, सुटलो.

नंतर एकेक गोष्ट कळत गेली. आधीच्या वर्षांत दर पंधरा-वीस दिवसांनी रक्त चढायचं, त्या रक्तातलं लोह यकृतात साठलेलं होतं. ट्रान्सप्लांटनं रक्त चढवणं थांबलं, पण साठलेलं लोह तिथंच. फेरिटिन, म्हणजे अंगात साठलेल्या लोहाचं रक्तातलं माप, बघितलं तर डोळे पांढरे झाले. मग महिन्यातून एकदा तिचंच थोडं थोडं रक्त काढून टाकायचं. ज्या पोरीला रक्त मिळावं म्हणून बेळगावात रक्तदान शिबिरं पालथी घातली, तिचं रक्त बाटलीत काढून ओतून टाकताना बघणं, काय सांगू.

लसीसुद्धा सगळ्या पुन्हा, तान्ह्या बाळासारख्या. जुन्या प्रतिकारशक्तीची पाटी कोरी झालेली असते. गोवराची लस तर दोन वर्षं थांबून, आणि औषधं बंद असतील तरच, कारण ती जिवंत विषाणूची. अंगणवाडीताईंना हे पटवताना माझी कानडी पणाला लागली.

आता ती चौदा वर्षांची आहे. पाळी आलेली नाही. बुसल्फान या औषधानं अंडाशयं दबतात हे मला सही करताना सांगितलं असेल, पण त्या वेळी मला एकच शब्द ऐकू येत होता, वाचेल. आता हार्मोनच्या डॉक्टरांकडे चाललोय, गोळ्या सुरू झाल्यात, हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणूनही त्या लागतात म्हणे.

मी तक्रार करत नाही. पोर शाळेत जाते, भांडते, कबड्डी खेळते. पण ट्रान्सप्लांट झालं म्हणजे झालं, असं नाही ओ.

संकेश्वरी_मिरची

अथणीकर भावोजी, मुलीला खूप आशीर्वाद.

माझं मायलोमासाठी, म्हणजे मॅरोतल्या एका कॅन्सरसाठी, स्वतःच्याच पेशींचं ट्रान्सप्लांट झालंय, चार वर्षं झाली. आधी माझ्या पेशी काढून गोठवल्या, मेलफलान या केमोचा मोठा डोस दिला, मग त्याच परत घातल्या. त्यामुळं जी.व्ही.एच.डी.चा प्रश्न नाही. पण मला सांगितलंय की रक्तपेशींची वाढ बिघडणं, एम.डी.एस. किंवा वेगळाच ल्युकेमिया, हा धोका माझ्या प्रकारात लक्षात ठेवायचा. त्यात लेनालिडोमाइड हे औषध चालू, तेही दुसऱ्या कॅन्सरचा धोका थोडा वाढवतं, पण मायलोमा दाबून धरतं. म्हणून दर महिन्याला रक्त तपासते. हिमोग्लोबिन कारण नसताना उतरायला लागलं तर थांबायचं नाही.

शहापूर_पेठ

माझा हेतू चांगलाच आहे, पण विचारतो. ज्याचा जीव वाचलाय त्याच्यापुढं पुन्हा कॅन्सर कॅन्सर करायचं कशाला? माणूस भीतीनंच खचतो. आमच्या मामांना शेवटपर्यंत रोगाचं नाव सांगितलं नव्हतं, हसत गेले.

संकेश्वरी_मिरची

तुमच्या मामांना वाचवायला काही उरलं नव्हतं म्हणून ते चाललं. इथं अजून हातात आहे. मला नाव माहीत आहे म्हणून मी दर महिन्याला सुई टोचून घेते. भीती मलाही वाटते, रिपोर्ट येईपर्यंत जेवण जात नाही. पण न सांगता ठेवलं असतं तर मी तपासणीला गेलेच नसते.

वॉर्डातली_अक्का

शहापूर_पेठ, तुमचा प्रश्न रास्त आहे, म्हणून भीतीची मोजदाद सांगते. १९९७ साली न्यू इंग्लंड जर्नलमध्ये १९,२२९ ट्रान्सप्लांट पेशंटचा अभ्यास आला होता, अजूनही त्याचा दाखला देतात. नवा गाठीचा कॅन्सर होण्याचं प्रमाण १० वर्षांत २.२ टक्के, १५ वर्षांत ६.७ टक्के. म्हणजे बहुसंख्य लोकांना होत नाही, हे आधी लक्षात घ्या. पण दहा वर्षं ओलांडलेल्यांत तो त्याच वयाच्या इतर लोकांपेक्षा ८.३ पट होता. आणि वर्षं जातील तसा धोका उतरत नाही, चढतो. लोक नेमकं उलटं धरून चालतात, दहा वर्षं झाली, आता कशाला जायचं.

ताईंनी विचारलेल्या तपासण्या. क्रमानं नाही, सुचेल तशा लिहिते.

तोंड दर सहा महिन्यांनी दाताच्या डॉक्टरांनी बघायचं, जी.व्ही.एच.डी. असेल तर आणखी लवकर. लाळ कमी म्हणून दात झपाट्यानं किडतात, फ्लोराइड लावून घ्यावं. थायरॉइड वर्षातून एकदा. डोळे वर्षातून एकदा. हाडांची घनता, म्हणजे डेक्सा. आणि स्टिरॉइड जास्त झाली असतील तर मांडीच्या वरच्या सांध्यात दुखतंय का, लंगडतोय का हे बघा. खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटतो, लोक ते वात समजून तेल चोळत बसतात. फुप्फुसाची फुंकर तपासणी. जिना चढताना धाप, कोरडा खोकला याला साधी सर्दी म्हणू नका, लहान श्वासनलिका आतून आवळत जातात, आणि आवळलेल्या परत मोकळ्या होत नाहीत. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, कारण हृदयाचे आजारही यांच्यात लवकर येतात.

त्वचा दर महिन्याला आरशात बघायची. उन्हात टोपी, लांब बाह्या. उन्हानं जी.व्ही.एच.डी.ही भडकते आणि त्वचेच्या कॅन्सरचा धोकाही वाढतो. बुरशीसाठी व्होरिकोनॅझोल बरेच महिने घेतलं असेल तर जास्तच जपा.

बायांसाठी वेगळं. तरुणपणी अंगाला रेडिएशन झालं असेल तर मॅमोग्राफी चाळिशीची वाट बघत नाही. पंचविसाव्या वर्षी किंवा रेडिएशननंतर आठ वर्षांनी, यातलं जे नंतर येईल तेव्हा सुरू करतात, पण चाळिशीच्या पुढं ढकलत नाहीत. गर्भाशयाच्या मुखाची तपासणीही चुकवू नये.

आणि फॅन्कोनी अॅनिमियासाठी ट्रान्सप्लांट झालेलं मूल कुणाच्या घरात असेल तर त्याचं तोंड जन्मभर डोळ्यांत तेल घालून बघा. त्यांच्यात मुळातच डी.एन.ए. दुरुस्त होत नाही, तोंडाचा कॅन्सर फार लहान वयात येतो.

हुक्केरी_रोड

मी गुडघ्यात स्टेम सेल घालून घेणार होतो, एका क्लिनिकनं पावणेदोन लाख सांगितलेत. मलाही हा सगळा धोका आहे काय?

वॉर्डातली_अक्का

दादा, तो प्रकारच वेगळा आहे. नाव सारखं, बाकी काही सारखं नाही. रक्ताच्या आजारांसाठीचं ट्रान्सप्लांट हा सिद्ध झालेला उपचार आहे. १९९० साली डोनॉल थॉमस यांना त्यासाठी नोबेल मिळालं, आपल्याकडं टाटा मेमोरियलमध्ये १९८३ पासून होतंय. रक्ताचे आजार सोडून बाकी कशासाठी स्टेम सेलचं इंजेक्शन विकत देणं आय.सी.एम.आर.च्या, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, नियमांत बसत नाही, ते फक्त संशोधनात आणि पैसे न घेता. पावणेदोन लाख खिशातच ठेवा, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

मलप्रभा

तपासण्यांची यादी वाचली, पण आपल्या भागात मूळ दुखणं वेगळंच आहे. ट्रान्सप्लांट मुंबई, वेल्लोर नाहीतर बेंगळुरूला होतं, डिस्चार्जचा कागद इंग्रजीत, घरात मराठी, सरकारी अर्ज कानडीत. स्थानिक डॉक्टर म्हणतात, आम्ही असा पेशंट बघितला नाही, तिकडंच जा. तिकडं जायचं म्हणजे दोन दिवसांची मजुरी, गाडीभाडं, राहणं. १९५६ साली रेष ओढणाऱ्यांना काय ठाऊक, आजारी माणूस कुठल्या बाजूनं दवाखान्यात जातो ते. महाराष्ट्रानं महात्मा फुले आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लावली तेव्हा इकडच्या सरकारनं हरकत घेतली, आणि मधे आम्ही.

कंग्राळी_बुद्रुक

अगदी खरं. आणि २००४ पासून सुप्रीम कोर्टात दावा पडून आहे, त्याचं काय? सीमालढ्यात ज्यांनी

व्यवस्थापन

सीमाप्रश्नावर वेगळा धागा चालू आहे, तिकडं जरूर लिहा. इथं ताईंच्या भावाचा प्रश्न आहे. योजना आणि कागदपत्रं यांची माहिती असेल तर ती मात्र इथंच द्या.

येळ्ळूरकर

कागदांबद्दल. एक साधी शंभर पानी वही करा. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात: कोणता आजार, ट्रान्सप्लांटची तारीख, दाता कोण, रेडिएशन किती, कोणती केमो, जी.व्ही.एच.डी. कुठं कुठं, सध्याच्या गोळ्या. मुंबईच्या दवाखान्याला ट्रान्सप्लांट समरी मागितली की देतात. ती वही बघितल्यावर नवीन डॉक्टर हात झटकत नाहीत, हा माझा अनुभव आहे. मी माझ्या बायकोची तशी ठेवलीय.

निपाणीची_लेक

चार दिवस लिहिलं नाही, माफ करा. दोन गोष्टी झाल्या.

पहिली, बायोप्सी झाली. दातवाला_चिकोडी यांनी सुचवल्याप्रमाणं तोंडाच्या सर्जनना दाखवलं, त्यांनी त्याच दिवशी तुकडा काढला. रिपोर्ट यायचाय.

दुसरी लिहायला हात उचलत नव्हता. भावाच्या गादीखाली अडकित्ता सापडला. आजोबांचा, पितळेचा, मोराच्या आकाराचा. सोबत कागदात भाजकी सुपारी. विचारलं तर मान खाली घालून म्हणाला, तोंड इतकं कोरडं पडतं अक्का, सुपारी चघळली की जरा पाणी सुटतं. तंबाखू तर नाहीच ना, नुसती सुपारी आहे. सहा वर्षं झाली म्हणे. वहिनीलाही माहीत नव्हतं.

मी आधी इथं लिहिलं होतं, काही नाही म्हणून. म्हणून सांगतेय.

दातवाला_चिकोडी

ताई, सांगितलंत, फार बरं झालं. सर्जनना पण सांगा.

नुसती सुपारी, हा आपल्या भागातला सगळ्यात मोठा गैरसमज आहे. लग्नात, देवळात, जेवणानंतर, सगळीकडं सुपारी, म्हणून ती निरुपद्रवी वाटते. तंबाखूशिवायची सुपारीसुद्धा कॅन्सर करते, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं २००४ मध्ये ते पक्कं सांगितलंय. सुपारीनं गालाच्या आत दोऱ्यांसारखे पट्टे येतात, गाल ताठ होतात, तोंड उघडेनासं होतं. जी.व्ही.एच.डी.मुळंही तेच होतं. तुमच्या भावाच्या गालावर दोन्हींचा भार पडलाय.

पण त्याला रागावू नका. त्यानं व्यसन म्हणून नाही, कोरड म्हणून सुपारी धरली. त्या कोरडीला उपाय असतो हे त्याला कुणी सांगितलं नाही, यात चूक आम्हा डॉक्टरांचीही आहे. साखर नसलेली चघळगोळी, घोटाघोटानं पाणी, कृत्रिम लाळेचा स्प्रे, आणि लाळ वाढवणारी गोळी पिलोकार्पिन, ती मात्र डॉक्टरांना विचारून. जी.व्ही.एच.डी. जोरात असेल तर स्टिरॉइडच्या पाण्यानं चूळ भरायला देतात.

अथणीकर

आमच्या घरी पानाचा डबा आहे. आज तो उचलून माळ्यावर ठेवला. पोरगी अजून लहान आहे, पण बघत असते.

सांबरा_धावपट्टी

माझी आजी मशेरी लावते, तिच्या ओठाच्या आत पांढरं आहे. तिला उद्याच दाखवतो.

दातवाला_चिकोडी

दाखवाच. उशीर नको.

निपाणीची_लेक

रिपोर्ट आला. कॅन्सर नाही, पण कॅन्सरच्या अलीकडची पायरी आहे. सिव्हिअर डिस्प्लेशिया असं लिहिलंय. आणखी काही महिने जेल लावत बसलो असतो तर काय झालं असतं, सर्जननी बोलून दाखवलं नाही, मीही विचारलं नाही.

परवा पूर्ण चट्टा कापून काढला. कडा स्वच्छ आहेत म्हणाले. मुंबईशी पण फोनवर बोलणं झालं, त्यांनी समरी पाठवली, इथले सर्जन आणि ते मिळून बघणार आहेत. दर दोन-तीन महिन्यांनी तपासणी, कायमची. दुसऱ्या जागीही चट्टा येऊ शकतो, म्हणून उरलेलं तोंडही दर वेळी पूर्ण बघणार. थायरॉइड तपासला तर तोही कमी निघाला. एवढी वर्षं थकवा येतो थकवा येतो म्हणत होता, आम्हाला वाटायचं आजारानं हाय खाल्ली.

त्याला मी शेवटी विचारलंच, माझ्या पेशींनी तुला त्रास दिला म्हणून मनात काही आहे का. त्यानं पाटीवर लिहून दाखवलं, बोलायला मनाई आहे ना. लिहिलं, वेडी आहेस काय.

वॉर्डातली_अक्का

ताई, वाचून खूप बरं वाटलं. टाके सुकले की तोंड उघडायचे व्यायाम सर्जन सांगतील, ते अजिबात टाळू देऊ नका. व्रण आवळत जातो. आईस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांत धरायला लावतात, दर काही दिवसांनी एक वाढवायची.

मलप्रभा

येळ्ळूरकर, तुमच्या वहीच्या पहिल्या पानाचा नमुना मी कानडीतही लिहून काढलाय, तालुक्याच्या दवाखान्यात उपयोगी पडेल. कुणाला पाहिजे असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

अथणीकर

मला पाठवा. आणि निपाणीची_लेक, आम्ही महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी पोरीला घेऊन मिरजेला जातो. तुमचीही तपासणी तिकडं असेल तर गाडीत दोघांची जागा आहे.

निपाणीची_लेक

अण्णा, येतो. पुढच्या वेळी नक्की.

वही केलीय. पहिल्या पानावर येळ्ळूरकरांनी सांगितलं तसं सगळं. दुसऱ्या पानापासून रोजचं तोंडाचं माप. पहिल्या दिवशी सर्जननी पट्टीनं मोजलं ते २६ मिलिमीटर, चाळीसच्या आसपास पाहिजे म्हणाले. काड्या वहिनीनं आणल्या, त्या दिवशी सतरा बसल्या. आज सकाळी अठरावी गेली.